दिल्लीत दिलेली सही

११ जून २०२५

पारनेरच्या बाजारातून दोनशे पानी वही आणली. दुकानदार म्हणाला, "पंकजासाठी का?" मी हो म्हटलं. पंकजा माझी लेक. पण ही वही माझी आहे. चोपन्नाव्या वर्षी डायरी लिहायला बसलेय, कारण मनात एक गोष्ट आहे आणि ती बोलायची चोरी आहे.

काल कल्याणचा फोन आला. कल्याण माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, मी तेराची. त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून बारावीच्या परीक्षेला बस स्टँडवर सोडण्यापर्यंत सगळं मीच केलं. आता तो पुण्यात असतो, दुधाच्या धंद्यातल्या कंपन्यांना सल्ला देतो, म्हणजे नेमकं काय करतो ते मला नीट सांगता येत नाही.

म्हणाला, "आक्का, तुला दिल्लीला यायचंय. बाहेरच्या एका देशाशी व्यापाराचा करार चाललाय. दूध काढणाऱ्या बायांची बाजू मांडायला तिथं कुणीतरी खरी बाई पाहिजे. मी तुझं नाव दिलं, मंजूर झालं."

मी म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही."

"तुला दूध येतं ना? तेवढं पुरे. फक्त कुणाला बोलू नको. बोलणी चालू असताना बाहेर काही जाऊ द्यायचं नसतं."

कोणता देश ते त्यानं सांगितलं. पण लिहायचं नाही म्हणाला, म्हणून इथंसुद्धा लिहीत नाही.

१९ जून

पत्र आलं. वर तीन सिंह. आमच्या ह्यांनी दोनदा हात धुवून पत्र हातात घेतलं.

ढवळपठारच्या महिला दूध संस्थेची मी सतरा वर्षं सचिव आहे. एकशे बारा बाया. संस्था निघाली तीच भांडणातून. तालुक्याच्या शीतकरण केंद्रात आमच्या दुधाला फॅट कायम कमी लागायची. मी माहिती अधिकारात मशीन तपासणीचे कागद मागवले, तीन महिने हेलपाटे घातले. कागद आले तेव्हा कळलं की मशीन दोन वर्षं तपासलंच नव्हतं. ते कागद मी चावडीपुढं उभं राहून मोठ्यानं वाचले. तेव्हापासून बाया माझ्या शब्दावर चालतात. दिल्लीला जाताना मी त्यांच्यासाठीच चाललेय. पण त्यांनाच सांगायचं नाही, हे जरा विचित्र वाटतं. कल्याण म्हणतो तसं असेल, मोठ्या कामाची रीत वेगळी.

मंगळवारी कल्याणच्या जागेची पूजा होती, सुप्याजवळ. दोन एकर आणि रस्त्याला लागून. विचारलं, काय करणार? म्हणाला, थंड गोदाम. आपल्या भागातला माल ठेवायला. ऊर भरून आला. पोरगं कुठं गेलं तरी गावाकडं वळलं.

२८ जून, सकाळ. दिल्ली विमानतळ

विमान सुटायला दोन तास आहेत. कल्याण फोनवर बोलत लांब उभा आहे. काल काय झालं ते विसरायच्या आत लिहिते.

मोठी खोली, लांब टेबल, चौदा माणसं. दारात मोबाईल काढून घेतले आणि एका ट्रेमध्ये ठेवले. मग एका माणसानं चार पानी इंग्रजी कागद पुढं केला आणि जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली. मी कल्याणकडं बघितलं. तो म्हणाला, "नेहमीचंच आहे. इथं जे बोललं जाईल ते बाहेर बोलायचं नाही, एवढंच." मी नक्कल मागितली. तो माणूस हसला. कल्याण म्हणाला, "नंतर मेल करतात."

सही केली.

माझा नंबर आला. चार मिनिटं बोलले, हिंदीत, जसं आलं तसं. सांगितलं की आमचा भाग पाण्याचा नाही, शेतात आज आहे उद्या नाही, पण गाय रोज दोन वेळा देते. सांगितलं की ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही तिच्या नावावर दुधाचं कार्ड आहे. मग टाळ्या वाजल्या.

मी विचारलं, "आमचं दूध या करारात आहे की नाही, ते सांगा."

चष्मेवाला तरुण अधिकारी होता, बोलायला नम्र. म्हणाला, "माताजी, द्रव दूध पूर्ण बाहेर ठेवलंय. त्या बाबतीत आम्ही एक पाऊलही मागं हटणार नाही. शब्द देतो."

द्रव म्हणजे पातळ. दूध पातळच असतं. मी हात जोडले.

जेवण झाल्यावर कल्याण म्हणाला, दुपारचं सत्र नुसतं आकड्यांचं आहे, तू कंटाळशील. मला गाडी करून दिली. इंडिया गेट बघितलं, भेळ खाल्ली, पंकजासाठी बांगड्या घेतल्या. परत आले तेव्हा तो खोलीतून बाहेर पडत होता आणि त्याच्याबरोबर दोन गोरी माणसं हसत होती. दुपारी आत बसायची त्याला परवानगी मिळते, म्हणजे त्याला किती मान आहे!

३० जून

आल्या आल्या झुंबरबाईनं गाठलं. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन गाई, संस्थेचा पहिला नंबर तिचा.

"कुटं गेल्तीस गं चार दिस?"

विमानाचं तिकीट ह्यांनी आधीच गावभर करून टाकलं होतं, त्यामुळं लपवण्यात अर्थ नव्हता. दिल्लीला गेले होते म्हटलं, दुधासाठी. आपलं दूध वाचलंय, काळजी करू नका.

"कशापासनं वाचलं?"

"ते सांगता येत नाही."

झुंबरबाईनं हातातली किटली खाली ठेवली. "जितनं माहितीचा कायदा आला त्या राळेगनला येष्टीनं आर्ध्या तासात जाता येतं आन् तू आमाला म्हनतीस सांगता येत न्हाई?"

मला राग आला. कुणासाठी गेले होते मी?

१३ जुलै

पंकजा नगरहून आली. लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सहीचं सांगितलं, म्हणजे फक्त सही केली एवढंच.

"कागद दाखव."

"नक्कल दिली नाही."

"आई, तू चाऱ्याच्या पोत्याची पावती घेतल्याशिवाय टेम्पो सोडत नाहीस."

मामानं सांगितलं होतं म्हटलं. ती उठून भांडी घासायला लागली. ती भांडली नाही की मला जास्त त्रास होतो. बांगड्या मात्र तिला आवडल्या.

२७ जुलै

नऊ ऑगस्टला नगरला मोर्चा ठरलाय. चाळीस गावांचे दूध उत्पादक कलेक्टर कचेरीवर जाणार. मागणी एकच: कराराचा मसुदा सही व्हायच्या आधी लोकांसमोर ठेवा, मराठीत. पारनेरहून दोन माणसं आली होती. म्हणाली, ढवळपठारच्या बाया आल्या की आजूबाजूची सहा गावं येतात.

ही तर माझीच मागणी. सतरा वर्षांपूर्वी मी हेच म्हणत होते.

बघू म्हणून सांगितलं.

२९ जुलै

कल्याणला फोन केला. तो लगेच उचलत नाही, आज उचलला.

"आक्का, आता मोर्चा म्हणजे घात. समोरचा देश बघतोय. आपल्यात फूट दिसली की तो दाबणार. आबा काष्टीच्या बाजारात बैल कसा विकायचे?"

"उपरण्याखाली बोटं धरून."

"मग? भाव सगळ्यांसमोर ओरडून ठरत नाही. हात झाकलेला असतो म्हणूनच सौदा होतो. तू एवढं सांग बायांना. तुझं ऐकतील."

आबांचा, आमच्या वडिलांचा, हात आठवला. उपरण्याखाली व्यापाऱ्याची दोन बोटं दाबायचे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत. मी शेजारी उभी राहायचे, मला वाटायचं आत जादू चाललीय. कल्याणचं म्हणणं पटलं.

३ ऑगस्ट

बायांची बैठक घेतली. उपरण्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, मी आत बसून आलेय, मी स्वतः विचारलंय, मला शब्द दिलाय. दूध करारात नाही. मोर्चाला गेलो तर आपल्याच माणसांचे हात दुबळे होतील.

कुणीतरी म्हणालं, "सत्यशीलाताई म्हनतीया तर मंग झालं." सगळ्या उठल्या. मला वाटलं होतं वाद होईल, मी उत्तरं तयार ठेवली होती. एकीनंही विचारलं नाही.

घरी येताना बरं वाटायला हवं होतं.

९ ऑगस्ट

राखी. कल्याण सकाळीच आला, नवी गाडी घेऊन. पुरणपोळी केली होती. राखी बांधली, त्यानं पाया पडून पैठणी दिली. एवढी भारी साडी मी कुठं नेसणार?

दुपारी पारनेरच्या माणसाचा फोन आला. मोर्चाला चारशेच माणूस झालं. आपली सात गावं आली नाहीत, ती बघून आणखी काही वाटेतून परतली. निवेदन घ्यायला साहेब खाली आलेच नाहीत, शिपायानं घेतलं. त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता. "ताई, तुमी असता तर..." म्हणाला आणि फोन ठेवला.

कल्याणला सांगितलं. तो दुसरी पोळी घेत होता. म्हणाला, "बरं झालं, आक्का. तुझं काम झालं."

"आपलं" म्हणायचं असेल त्याला.

१६ ऑगस्ट

पंकजानं माहिती अधिकाराचा अर्ज लिहून आणला. दिल्लीच्या बैठकीचं इतिवृत्त, मी सही केलेल्या कागदाची नक्कल, आणि मी त्या दिवशी जे बोलले त्याची नोंद. अर्ज माझ्या नावानं.

"मामाला विचारू का?"

"तुझंच बोलणं तुला वाचायचंय, त्याला मामाला काय विचारायचं?"

सही केली. या सहीची नक्कल मात्र तिनं माझ्यासमोर काढून फाईलला लावली.

२४ ऑगस्ट

बोलता बोलता कल्याणला अर्जाचं सांगितलं. तो चिडला. इतका चिडलेला मी त्याला लहानपणी पतंग फाटल्यावरच बघितलाय. "मागे घे. आजच. तुला कळत नाही तू काय करतेस. माझं नाव खराब होईल."

"माझ्या भाषणात तुझं नाव कुठं आलं?"

मग आवाज मऊ करून म्हणाला, "तसं नाही गं आक्का. मी तुला नेलं ना, म्हणून."

खरंय, त्याच्या भरवशावर त्यांनी मला घेतलं होतं. वाईट वाटलं. पण पंकजा अर्ज मागे घेऊ देत नाही.

१८ सप्टेंबर

उत्तर आलं. एक पान. कलम आठ, पोटकलम एक, अ. परराष्ट्राशी असलेल्या संबंधांना आणि देशाच्या आर्थिक हिताला बाधा येऊ शकते म्हणून माहिती देता येत नाही.

पंकजानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, परत वाच.

मी काय बोलले होते? पाणी नाही, गाय दोन वेळा देते, बाईच्या नावावर सातबारा नाही. हे मला वाचायला दिलं तर कोणत्या देशाशी आमचं बिनसणार आहे? आमचे हे हसायला लागले. मग माझा चेहरा बघून थांबले.

पंकजानं अपील टाकलं.

आज पहिल्यांदा वाटलं की मी त्या खोलीत बोलले ते कुणी लिहूनच घेतलं नसेल.

१४ ऑक्टोबर

करार झाला. बातम्यांत हात हलवताना दाखवले. संध्याकाळी सगळा मजकूर सरकारी साईटवर टाकला, अकराशे पानं. चहा टाकेपर्यंत पंकजाचा फोन आला. आवाज वेगळाच. "आई, बस खाली."

आधी कराराचं सांगितलं. द्रव दूध बाहेर. शब्द पाळलाय, एका अक्षरानंही मोडलेला नाही. त्याखाली रांगेनं दूध पावडर, लोणीतेल, चीज, व्हे म्हणजे निवळीची पावडर. दरवर्षी इतके हजार टन, जकात शून्य, आणि दर सालाला आकडा वाढता.

माझ्यासारखीला हे समजायला वेळ लागत नाही. आमच्या तालुक्याचं दहा लिटरमधलं चार लिटर प्यायला जातच नाही. त्याची पावडर होते, लोणी होतं. थंडीत दूध वाढलं की सहा लिटरचं होतं. बाहेरून पावडर आली की ते दूध घ्यायला कोण बसलंय? आणि विलायतेहून पातळ दूध जहाजात भरून इथं कोण आणणार होतं? जी गोष्ट कधी येणारच नव्हती ती न येण्याचा मला शब्द दिला, आणि मी हात जोडले.

मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. सतरा वर्षं दूध मोजतेय.

मग पंकजा म्हणाली, शेवटी एक जोडपत्र आहे. कुणाकुणाशी सल्लामसलत केली त्यांची यादी. अकरा नंबरला: श्रीमती सत्यशीला औटी, महिला दूध उत्पादक, जिल्हा अहिल्यानगर. पुढच्या रकान्यात: पाठिंबा.

मी म्हटलं, मी पाठिंबा नाही दिला, मी प्रश्न विचारला.

"आई, अजून आहे. चार नंबरला मामा आहे."

"असणारच, तो होता ना बरोबर."

"श्री. कल्याण ठुबे. दुग्धजन्य पदार्थांच्या आयातदारांचे प्रतिनिधी."

चहा उतू गेला. गॅस ह्यांनी बंद केला.

१५ ऑक्टोबर

काही लिहावंसं वाटत नाही. सकाळी संकलन केंद्राच्या खिडकीत बसले, दूध मोजलं. गावात बातमी पोचलीय. बाया एकेक करून आल्या, कार्ड पुढं केलं, दूध घातलं, गेल्या. एरवी तिथं इतकी कलकल असते की मला ओरडावं लागतं.

१७ ऑक्टोबर

सुप्याला गेले, एकटी, एसटीनं. कल्याण तिथंच होता. भिंती उभ्या राहिल्यात, आत गार हवेची मशीनं बसवायचं चाललंय. मला बघून त्यानं खुर्ची पुसून दिली. ती खुर्ची पुसण्याची सवय मीच लावलेली.

उभ्यानंच विचारलं, "या गोदामात काय ठेवणार?"

"आक्का, आधी पाणी पी."

"काय ठेवणार?"

"चीज. व्हे. जिमवाल्या पोरांना लागतं ते. मी नाही आणलं तर दुसरा कुणी आणणार आहे. मी आणलं तर निदान सुप्यात चाळीस पोरांना काम मिळेल."

"मला खोटं का सांगितलंस?"

त्याला खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं. "मी काय खोटं सांगितलं? करार आहे सांगितलं, होता. पातळ दूध येणार नाही सांगितलं, येत नाही. गोदाम सांगितलं, बघ, गोदामच आहे. तू पुढचं विचारलं नाहीस."

"मला कशाला नेलंस?"

कामगारांनी ड्रिल मशीन लावलं, ते बंद होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, आणि हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं अशी माझी खात्री आहे, "तू खरी वाटतेस म्हणून. त्यांना अशी बाई हवी होती जिच्यावर कुणी संशय घेणार नाही. मी अख्खा जिल्हा डोळ्यासमोर आणला, तुझ्यासारखं दुसरं कुणी नव्हतं, आक्का."

पैठणी पिशवीत नेली होती. त्याच्या टेबलावर ठेवली. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसले. एसटी चुकली, दुसरीला तास लागला. रडू आलं नाही. त्याला अंघोळ घालताना साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी कपाळावर हात आडवा धरायचे, तेच सारखं आठवत होतं, आणि त्या आठवणीचाच राग येत होता.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. तो आला नाही. येऊ नये असं वाटत होतं. दुपारी दोनपर्यंत दारात गाडीचा आवाज झाला की उठून बघत होते.

२६ ऑक्टोबर

बायांना सगळं सांगायचं ठरवलंय. आमचे हे नको म्हणतात. "सही करून दिलीस. उद्या केस टाकली तर?" पंकजा म्हणाली, कागदात काय लिहिलंय तेच आपल्याकडं नाही, त्यामुळं काय होईल सांगता येत नाही. ती खोटा धीर देत नाही, हे बरं आहे.

भीती वाटते का? वाटते. पण पोलिसांची कमी वाटते. झुंबरबाईची जास्त.

२ नोव्हेंबर

आज विशेष सभा झाली, संकलन केंद्राच्या पत्र्याखाली. नव्वदच्या वर बाया. मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. फोन, पत्र, ट्रेमधले मोबाईल, पेन्सिलीची फुली, चष्मेवाला साहेब, द्रव हा शब्द, दुपारचं सत्र, इंडिया गेटची भेळ. खोलीत कोण काय बोललं ते सांगितलं. यादीतला अकरा नंबर सांगितला, चार नंबर सांगितला, आणि चार नंबर माझा भाऊ आहे हेही सांगितलं, जरी सगळ्यांना ते ठाऊक होतं. आमच्यातल्या तरुण मोनिकानं मोबाईल वर धरला होता. शेजारची तिला खाली घे म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, घे सगळं.

तासभर बोलले. शेवटी म्हटलं, मी फसले.

झुंबरबाई काठी टेकत उठली.

"तू फसलीस ते खरं. पर आमाला कुनी फसिवलं?"

तिनं काठी माझ्याकडं रोखली.

"सुप्याच्या गोदामाचं तुला कवा कळलं हुतं?"

"जूनमध्ये. पूजेला गेले होते."

"थंड गोदाम म्हनल्यावर मला त्याच दिशी कळलं असतं. हितलं दूध सकाळी निगतं आन् दुपारी डेअरीत असतं. त्याला गोदाम कशाला लागतंय? लांबनं येनाऱ्या मालाला लागतं. एवढं या पत्र्याखाली कुनीबी सांगितलं असतं. आन् त्यो शब्द काय म्हनलीस, द्रव? हितं येऊन इचारलं असतंस तर पोरीबाळीबी म्हनल्या असत्या, मंग पावडरीचं काय?" तिला धाप लागली. "शंबर डोकी हुती तुझ्याकडं. तू एकटीच्या डोक्यानं गेलीस."

मी म्हटलं, "मला वाटलं, उपरण्याखाली..."

"उपरन्याखाली हात मालकाचा आसतो, सत्यशीला. बैल ज्याचा, त्याचा. त्या उपरन्याखाली आमचा हात हुता का? आमी बैल हुतो."

कुणीतरी रडत होतं. मला वाटलं मीच, पण मी नव्हते.

मग ठराव झाले. पहिला: कराराच्या कागदातून माझ्या नावापुढचा पाठिंबा काढून टाकावा असं पत्र, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि ते वर्तमानपत्रालाही. दुसरा: माहिती अधिकाराचं अपील पुढं चालवायचं, मुंबई लागो की दिल्ली, आणि त्याला जायचं तर दोघींनी जायचं, एकटीनं नाही. तिसरा झुंबरबाईनं मांडला. सचिव बदलायचा.

हात वर झाले. मी मोजले, सवयीनं. एक्काहत्तर. सहा विरोधात. बाकीच्या मान खाली घालून बसल्या. मोनिकाचं नाव सचिव म्हणून आलं. बारावी झालेली आहे, तिच्या तीन गाई आहेत, हिशेबाला पक्की आहे. मी तिथंच किल्ल्या दिल्या. झुंबरबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर मला सोसवलं नसतं.

घरी आल्यावर पंकजा म्हणाली, "आई, त्यांनी बरोबर केलं का?" मी हो म्हटलं. मग आत जाऊन दार लावून घेतलं. बरोबर असलं म्हणून लागत नाही असं थोडंच आहे.

५ नोव्हेंबर

कल्याणचे चार मिस कॉल. पाचवा उचलला. म्हणाला, "तू सभेत खोलीतलं सगळं सांगितलंस? तुझा व्हिडिओ फिरतोय. आक्का, मला लोक विचारतायत."

मी म्हटलं, "मग त्यांना सांग."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

तो पुढं बोलत होता. मी फोन ठेवला. त्यानं जेवण केलं असेल का, हा विचार आला, आणि तो आल्याबद्दल स्वतःला एक शिवी दिली.

६ नोव्हेंबर

तीन दिवस ह्यांनाच दूध घालायला पाठवत होते. आज मीच किटली उचलली.

सतरा वर्षांत पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. बाहेरून ती खिडकी किती उंच आहे हे मला माहीतच नव्हतं, बुटक्या बाईला आत काय लिहितात ते दिसत नाही. पुढच्या बायांनी मला वाट करून दिली नाही. मागच्यांनी ढकललंही नाही. झुंबरबाई दोन जणींपुढं होती, एकदा वळून बघितलं आणि म्हणाली, "गाय बरी हाय का तुजी? परवा लंगडत हुती." बरी आहे म्हटलं. तेवढंच बोलणं झालं.

माझा नंबर आला. मोनिकानं दूध मोजलं, फॅट लावली. मान वर न करता म्हणाली, "नाव?"

तिच्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढली होती. पण नियम म्हणजे नियम, तो मीच केलेला, दर माणसाला दर वेळी विचारायचं. मी पूर्ण नाव सांगितलं. "सत्यशीला अजिनाथ औटी."

तिनं लिहिलं. मग वही उचलली, फिरवली आणि खिडकीतून खाली माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"वाचून घ्या, काकी. बरोबर हाय का बघा."

मी वाचलं. मागं वीस बाया उभ्या होत्या, कुणी घाई केली नाही.